घुमटातली उपासना

घुमटवाडीच्या ख्रिस्ती मंडळीचं देऊळ म्हणजे निजामशाहीतला एक जुना घुमट. आत कुणाला पुरलं होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कबर केव्हाच खचून जमिनीसपाट झाली होती. मोठ्या दुष्काळानंतर मिशनच्या साहेबानं तो सरकारकडून मागून घेतला, आणि तेव्हापासून गावकुसाबाहेरची ही माणसं दर नाताळाला त्याला चुना देत आली. सीना नदीच्या काठानं कर्जतकडे जाणाऱ्याला तो लांबूनच पांढराशुभ्र दिसे.

यशया साळवे पाळक होऊन आला तेव्हा लोक आत शिरताना खविसाला घाबरून पायरीला हात लावत. यशयानं ते मोडून काढलं. गीत संपलं की घुमट ते पुन्हा घुमवी आणि पोरं खिदळत. मग तो टाळी वाजवून दाखवायचा. आवाज भिंतीवर आपटतो, माघारी येतो. त्यात दुसरं काही नाही.

जर्मनांशी लढाई चालू होती त्या सालच्या हिवाळ्यात पुराणवस्तू खात्याचे शामकांत देव आले. माणूस सभ्य होता. चपला बाहेर काढून आत गेला, चुना नखानं खरवडला आणि खालची नक्षी बघून हळहळला.

"एवढी सुंदर इमारत तुम्ही झाकून टाकलीत, पाळकसाहेब. आता ही संरक्षित झाली. चुना नाही, दिवे नाहीत, उपासना नाही."

"मग आम्ही बसायचं कुठं?"

"गावात दुसरी जागा मिळेल की."

यशयाला हसू आलं. वरच्या गावानं त्यांना आजवर पाण्याच्या हौदालाही हात लावू दिला नव्हता. तो नगरला मिशनकडे गेला, तर सरकारशी वाकडं घेऊ नका, असं तिथल्या साहेबांनी त्याला चहा पाजून सांगितलं.

चुना खरवडला गेला. दाराला कुलूप लागलं आणि पहाऱ्याला छगन आला. मंडळी तारेच्या कुंपणाबाहेर, लिंबाखाली बसू लागली. उघड्यावर गाणं विरून जाई. गाताना लोक एकमेकांकडं बघत आणि आपोआप हळू होत.

माघ सरता सरता घुमटातून गाणं परत येऊ लागलं.

"आत कोन हाय?" छगननं कुंपणावरून विचारलं. "कुलूप तर मीच लावलंय."

"वर झरोका आहे. त्यातून आवाज आत जातो," यशया म्हणाला. म्हणताना त्यालाही ते पटलं होतं.

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर म्हाताऱ्या मरियाबाईनं त्याची बाही धरली. "पाळकबाबा, आतलं आमेन आपल्या आदी झालं."

"कान वाजले असतील."

"समद्यांचेच?"

त्यानं तिला चारचौघांत झापलं. पण त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं ठरलेलं गीत ऐनवेळी मनातल्या मनात बदललं. तोंड उघडायच्या आत घुमटातून तेच, बदललेलं गीत सुरू झालं. मंडळीनं ते उचललं. यशया मात्र नुसता उभा राहिला.

चैत्रात त्याची बायको दीना तापानं गेली. याच घुमटात त्यांचं लग्न लागलं होतं. तिची शवपेटी घेऊन लोक कुंपणाशी आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं, आणि नेमके शामकांत तपासणीला आलेले.

"साहेब, एवढ्यापुरतं दार उघडा," यशया म्हणाला. "दिवा लावत नाही. चार शब्द वाचतो आणि घेऊन जातो."

"मला वाईट वाटतं हो. पण आज तुम्हाला उघडलं, तर उद्या कुणालाही उघडावं लागेल."

छगननं मान खाली घातली. पेटी लिंबाखाली टेकली. यशयानं पुस्तक उघडलं, पण शब्द फुटेना.

तेव्हा घुमटातून वाचन सुरू झालं. संथ, स्वच्छ, यशयाच्याच आवाजात.

शामकांतांचा चेहरा लाल झाला. त्यांनी छगनकडून किल्ली हिसकली आणि दार ढकललं. वाचन थांबलं. आत गारवा होता आणि ओल्या चुन्याचा वास. "कोण आहे?" ते ओरडले.

त्यांचा आवाज परत आला नाही.

त्यांनी पुन्हा हाक मारली. मग टाचेनं फरशी ठोकली. काहीच घुमलं नाही. ते बाहेर आले, त्यांनी कुलूप लावून किल्ली छगनकडे फेकली आणि ते टांग्यात बसले.

दार लागताच वाचन सोडलेल्या शब्दापासून पुढं सुरू झालं. मंडळीनं आमेन म्हटलं. पलीकडच्याच दफनभूमीत दीनाला मातीही त्याच आवाजावर दिली गेली.

यशया मग अंथरुणाला खिळला. दोन रविवार चुकले. तिसऱ्या रविवारी उन्हं वर आल्यावर काठी टेकत तो घुमटाकडे निघाला. आपल्यावाचून लोक पांगले असतील, असं त्याला वाटत होतं.

एकही जण घटला नव्हता. छगनसुद्धा त्यांच्यात बसला होता. सगळे भिंतीकडं तोंड करून, ओठ मिटून.

आत प्रवचन चाललं होतं. आवाज त्याचाच. शामकांतांविषयी होतं, मिशनविषयी, वरच्या गावाविषयी. पेटी उन्हात ठेवून गप्प बसलेल्या परमेश्वराविषयी होतं. जे यशयाच्या पोटात होतं आणि ओठांवर त्यानं कधी येऊ दिलं नव्हतं, ते सगळं. माणसं शांतपणे माना डोलावत होती.

"हे मी बोलत नाही," यशया म्हणाला. "ऐकू नका. अरे, हा मी नव्हे!"

मरियाबाईनं मागं वळून पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं, आणि जरा सरकून त्याला बसायला जागा करून दिली.