दुसऱ्यांदा वाजलेला निरोप

आचाओ बंदराच्या रेडिओ केंद्रावरून रोज दुपारी बारा वाजता निरोप लागतात. ज्या बेटांवर फोन लागत नाही, तिथली माणसे त्या वेळी किटली चुलीवरून उतरवतात आणि कान देतात. प्रत्येक निरोप दोनदा लावायचा, हा इथला दंडक. पहिल्यांदा ऐकणारा आपले नाव ओळखतो, दुसऱ्यांदा मजकूर ऐकतो.

त्या आठवड्यात जुना संगणक कायमचा बंद पडला. नव्या यंत्रावर नवी प्रणाली होती, आणि निवेदिका एर्मिंदाबाईंना निरोपांसाठी वीस वर्षांपूर्वीचाच प्रोग्राम हवा होता. यंत्रांची दुरुस्ती माझ्याकडे; मी तो चालू केला. आवाज चिरकत होता आणि कळ दाबल्यावर सात सेकंदांनी उमटत होता.

"काय हो मिस्त्री, सात सेकंदांत माझा बटाट्याचा मिल्काओ खाऊन होईल!"

"बाई, प्रोग्राम म्हातारा झालाय. त्याला नव्या यंत्राचं बोलणं कळत नाही."

"म्हातारी मीपण आहे. तुमचं बोलणं मला कळतंय ना? त्यालाही नीट समजावून सांगा."

मी समजावले. आपण जुन्याच प्रणालीवर आहोत असे त्या प्रोग्रामला भासवले; दोघांच्या ध्वनीचा वेग जुळवला. चिरकणे थांबले. विलंब सातावरून तिनावर, तिनावरून एकावर आला. प्रत्येक बदलाचे कारण मी वहीत लिहीत होतो. बाहेर धुके इतके दाट होते की धक्क्यावरच्या होड्या पाण्याशिवायच तरंगताना दिसत होत्या.

साडेअकराला विलंब शून्य झाला. मी आणखी एक सुधारणा केली. त्यानंतर आवाज कळ दाबण्याच्या अर्धा सेकंद आधी उमटू लागला. मोजण्यात चूक झाली असणार, असे मी ठरवले आणि चार वेळा मोजले. चारही वेळा तेच.

इतक्यात ओतिलिया गेन्तेओ आली. ती आपियाव बेटावरची. तिचा नवरा सोमवारपासून इथल्या इस्पितळात होता, मुलगा घरी. माइकपुढे वाकून ती म्हणाली, "एराल्दो, आजच दोनच्या होडीनं ये. बाबा सारखं तुझं नाव घेतायत. कोंबड्या शेजारी सोपव." अकरा सेकंदांचे मुद्रण झाले.

"पोचेल ना हो त्याला?"

"दोनदा लागेल, मावशी."

ती इस्पितळात परतली.

बारा वाजता तिचा निरोप पहिल्यांदा जसाच्या तसा गेला. दुसऱ्यांदा लावायला मी बोट उचलले. ते कळीवर टेकण्यापूर्वीच तिचा आवाज सुरू झाला होता.

"एराल्दो, आज घाई करू नकोस. बाबा आता कुणालाच हाक मारत नाहीत. उद्या सकाळच्या होडीनं ये. पेटीतला काळा कोट आण. चुलीत विस्तव ठेवून निघू नकोस, बाळा."

एकोणीस सेकंद.

एर्मिंदाबाईंचा पेला हातातच राहिला. "हे कधी बोलली ती?"

"बोलली नाही."

"मग तो पहिला लावा पुन्हा! पोरगं थांबेल ना घरी!"

मी तीनदा कळ दाबली. पडद्यावर ध्वनीच्या लाटा नियमाने सरकल्या. स्पीकर मुका होता. बाईंनी स्वतः माइक ओढून पहिला निरोप आपल्या तोंडाने सांगितला. आपियावपर्यंत तो गेला की नाही, सांगता येत नाही.

मी धावत इस्पितळात गेलो. ओतिलियाचा म्हातारा नवरा उशीला टेकून रस्सा पीत होता.

"लागला का निरोप?" ओतिलियाने विचारले.

"लागला," मी म्हणालो. पुढचे मला सांगवले नाही.

दोन चाळीसला म्हातारा गेला. दोनची होडी चारला धक्क्याला लागली. तिच्यात एराल्दो नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उतरला. हातावर काळा कोट होता.

दहाच्या सुमारास ओतिलिया केंद्रात आली. मी उशिरा का होईना, खुलासा करू लागलो; तिने हाताने थांबवले.

"पोरगा म्हणतो, तूच सांगितलंस म्हणून थांबलो. बसवा मला त्या माइकपुढं."

"आता कशाला, मावशी?"

"त्यानं ऐकलं, पण मी अजून बोललेच नाही. ते राहून कसं चालेल?"

मी हेडफोन चढवले. ती वाकली.

तिचे ओठ हलू लागले. हेडफोनमध्ये काही नव्हते. मी ते काढले.

खोलीतही काही नव्हते. कोपऱ्यातल्या चुलीत लाकूड तडकले, ते मला स्पष्ट ऐकू आले. तिचे ओठ शांतपणे हलत होते; आवाज तर काल दुपारीच लागून गेला होता. मी घड्याळाकडे पाहिले नाही. किती वेळ लागेल, ते मला ठाऊक होते.