एक कप्पा रिकामा ठेव

त्या दिवशी वारा नसता तर आमची ओळख झालीच नसती.

जानेवारी संपत आला होता. दुकानात सेल लागला म्हणून मी प्लॅस्टिकच्या मोठाल्या पेट्या घेतल्या होत्या. एकात एक घातलेला तो मनोरा पोटाशी धरून मी घरचा चढ चढत होते. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या आमच्या डुलुथचे रस्ते सरोवरापासून निघतात ते थेट ढगात जातात, आणि त्या दिवशी त्यांच्यावर बर्फाचा गुळगुळीत थर होता. कोपऱ्यावर वाऱ्याने एक जोराची थप्पड दिली... आणि माझी खरेदी उताराला लागली. पेट्या एकीकडे, झाकणं दुसरीकडे.

खालून एक माणूस चढत येत होता. उंच, लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. पहिली पेटी त्याने बुटाने अडवली, दुसरी हाताने झेलली, तिसरी त्याच्या पोटावर आदळली.

"अजून येतायत?" त्याने ओरडून विचारलं.

"झाकणं राहिलीत!"

"पाठवा, पाठवा... मी इथेच उभा आहे."

मी हसले. इतक्या महिन्यांनी हसले की थंडीने तडकलेला ओठ फुटलाच.

सगळं गोळा करून तो माझ्याबरोबर वर आला. मी माझं नाव मारेन सांगितलं, त्याने त्याचं आरो लेहतिनेन. लोखंडाचं खनिज वाहून नेणाऱ्या बोटीवर आचारी. हिवाळ्यात सरोवर गोठतं, बोटी धक्क्याला लागतात, आणि तेवढ्यापुरती त्याने माझ्या शेजारच्या ओस्टबीबाईंची वरची खोली भाड्याने घेतली होती. म्हणजे महिनाभर हा माणूस माझ्या कुंपणापलीकडे राहत होता आणि मला पत्ता नव्हता!

"काय भरणार आहात यात?" माझ्या दारात पेट्या ठेवत त्याने विचारलं.

"पसारा."

त्याने माझ्या खांद्यावरून आत डोकावलं. मी दार ओढून घ्यायच्या आत त्याला दिसायचं ते दिसलं होतं.

"अहो... पण मग या पेट्या ठेवणार कुठे?"

मला राग यायला हवा होता. पण खरंच, कुठे ठेवणार होते?

आई ऑक्टोबरमध्ये गेली. तिच्या आजारपणासाठी मी माझी भाड्याची खोली सोडून या घरी आले होते. ती गेली आणि मी राहिले. आमच्याकडच्या सगळ्या आयांसारखी तीही काही टाकत नसे. आइस्क्रीमच्या रिकाम्या बादल्या, लोणच्याच्या बरण्या, बिस्किटांचे डबे, बुटांची खोकी, पावाच्या पिशव्यांचे चिमटेसुद्धा. तिच्यामागे मी हे आवरायला हवं होतं. मी काय केलं, तर भरच घातली. दर शनिवारी जुन्या वस्तूंच्या दुकानात जायचं आणि काहीतरी उचलून आणायचं. टायरच्या दुकानात दिवसभर गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचं, आणि घरी आलं की बोलायला कुणी नाही. भरलेल्या घरात निदान आपला आवाज घुमत नाही. हे कारण मी तेव्हा कुणालाही सांगितलं नसतं, स्वतःलासुद्धा नाही.

"कॉफी घेणार?" मी विचारलं.

"नको, नको."

"केलेलीच आहे."

"नको हो, उगाच तुम्हाला त्रास."

"एक कप तर घ्या."

"बरं... अर्धाच."

यात विशेष काही नाही. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा अवघडल्यासारखं करून घ्यायचं. पहिल्याच बोलण्याला हो म्हणणारा माणूस हावरा, आणि तीनदा न विचारणारा यजमान कंजूष. आरोने अर्ध्याचे तीन कप घेतले आणि म्हणाला, "तुमची कपाटं लावून देऊ का? ओस्टबीबाईंच्या मांजराचं तोंड बघून कंटाळलोय."

मीही दोनदा नको म्हणाले. मग म्हणाले, बरं.

दुसऱ्या दिवशी तो आला तो एक स्क्रू-ड्रायव्हर आणि स्क्रूंची एक पुडी घेऊन. बाकी काही नाही.

"बाजारातून एक वस्तू आणायची नाही," तो म्हणाला. "त्या पेट्या परत करून या. घरात आहे त्यातच घर बसवायचं. आमच्या बोटीचं स्वयंपाकघर तुमच्या न्हाणीघराएवढं आहे. लाट आली की जिला जागा नाही ती वस्तू थेट डोक्यात."

"इथे लाटा नाहीत."

त्याने सोफ्यावरच्या कपड्यांच्या ढिगाकडे नुसतं पाहिलं.

"बरं," मी म्हणाले, "एखादी असेल."

आणि मग त्याने तो नियम काढला. आईची घडीची छत्री हातात धरून त्याने विचारलं, "ठेवायची की द्यायची?" मी म्हणाले, "द्या... म्हणजे, तसं नको... बघा, तुम्हाला हवी असेल तर..."

"हे बघ, मारेन," तो म्हणाला. पहिल्यांदाच नावाने, आणि तेही अगंतुगं! "प्रत्येक वस्तूपाशी तीनतीनदा विचारत बसलो तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत एक खण व्हायचा नाही. मी एकदाच विचारणार. तू खरं काय ते एकदाच सांगायचं. मग पुन्हा विषय नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. माझ्या घराण्यात असं कुणी पूर्वी वागलं असेल असं वाटत नाही.

फेब्रुवारी तसा गेला. मी कामावरून आले की तो यायचा. बरण्यांची झाकणं आम्ही फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवली आणि बरण्या त्यांत फिरवून टांगल्या: बटणं, खिळे, दालचिनी. दारामागे बूट ठेवायच्या कप्प्यांची कापडी पिशवी लटकत होती, तिच्यात हातमोजे गेले. सिंकखाली पडद्याचा जुना दांडा आडवा अडकवून त्यावर फवाऱ्याच्या बाटल्या टांगल्या. खणात बुटांची खोकी बसवली आणि त्यांत कपडे आडवे न रचता घडी करून उभे लावले, पुस्तकांसारखे, म्हणजे एक ओढला की सगळे कोसळत नाहीत. पावाच्या पिशव्यांचे चिमटे वायरींना खुणेसाठी लावले. आइस्क्रीमच्या बादल्या, ज्यांची मला लाज वाटायची, त्या पोटमाळ्याच्या जिन्याखाली ओळीने उभ्या राहिल्या आणि एकदम देखण्या दिसल्या.

"तुझी आई हुशार होती," आरो म्हणाला. "सामान जमवून ठेवलं होतं तिने. जागा लावायची तेवढी राहिली."

मी शेवटची बादली उगाच सरळ केली. बोलले असते तर रडले असते.

सगळंच जमलं असं नाही. त्याने मोठ्या तोऱ्यात लावलेली एक फळी रात्रीतून कोसळली आणि पीठ घरभर झालं. सकाळी तो दारात उभा राहून बघत राहिला.

"लाट आली होती वाटतं," मी म्हणाले.

"हसून घे... हस. भिंत पोकळ आहे तुझी."

"भिंतीला नावं ठेवू नकोस. आचाऱ्याने पिठाशी मतलब ठेवावा."

तो पीठ झाडत होता आणि त्याच्या पापण्यांवर पीठ होतं. मी हात पुढे केला... आणि मग तो हात फळीकडे नेला, जणू मला फळीच पुसायची होती. त्याने पाहिलं. त्याने पाहिलं हे मी पाहिलं. दोघंही बराच वेळ फार मन लावून पीठ गोळा करत राहिलो.

एका संध्याकाळी दालनातल्या खुंटीवरून त्याने आईचा निळा कोट काढला. हातात धरून उभा राहिला. या वेळी त्याचा आवाज अगदी हळू होता. "ठेवायचा की द्यायचा?"

"ठेवायचा."

त्याने तो परत त्याच खुंटीला लावला, बाही सरळ केली आणि पुढच्या वस्तूकडे वळला. एक प्रश्न, एक उत्तर. मला वाटतं, त्या क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले.

मार्चच्या मध्यात स्वयंपाकघराचं शेवटचं कपाट झालं. वरचा एक कप्पा उरला. मी त्यात काचेचे पेले मांडू लागले तर त्याने माझा हात धरला.

"हा राहू दे. एक कप्पा रिकामा ठेव."

"कशासाठी?"

"बोटीवर आम्ही ठेवतो. अजून जे यायचंय त्याच्यासाठी." आणि धरलेला हात सोडायला त्याला जरा उशीरच झाला.

घर झालं. लख्ख झालं. आणि तो गेल्यावर मी दालनात उभी राहून सहज खाकरले, तर माझाच आवाज भिंतींवरून परत आला. इतके महिने ज्याला घाबरत होते तेच झालं होतं. पसारा होता तोवर घरात कुणीतरी आहे असं तरी वाटायचं. आता प्रत्येक वस्तू आपापल्या जागी होती, आणि घरात मी एकटी होते हे स्वच्छ दिसत होतं.

बर्फ फुटला. बोटी निघायच्या झाल्या. आरो निरोप घ्यायला आला. आमच्याकडचा निरोप म्हणजे लांबण असते: आधी गुडघ्यावर थाप मारून "चला तर मग" म्हणायचं, मग उभं राहून अर्धा तास, मग दारात अर्धा तास. मी तेवढ्यावरच भिस्त ठेवून होते. तासाभरात मनातलं काहीतरी बाहेर पडेलच की!

"चला तर मग," तो उठला. टोपी हातात फिरवत राहिला. "मारेन... बोट इथे धक्क्याला लागली की दर वेळी मला थोडी सवड असते. मी येत जाऊ का? पोटमाळा राहिलाय अजून."

हेच तर मला ऐकायचं होतं. आणि तोंडातून, आईच्या आवाजात, आजीच्या आवाजात बाहेर पडलं, "अरे नको, कशाला... तुला उगाच त्रास."

मी थांबले. आता तो म्हणणार होता, त्रास कसला. मग मी म्हणणार होते, नको रे, सुट्टीत आराम कर. मग तो तिसऱ्यांदा...

"बरं," आरो म्हणाला. टोपी घातली. आणि दारात एक मिनिटही न रेंगाळता उतरून गेला.

एप्रिलमध्ये त्याची बोट आली. टायरच्या दुकानाच्या खिडकीतून मला ती बंदराच्या कालव्यातून आत येताना दिसली. मी लवकर घरी गेले, कॉफी केली, दोन कप काढले. कॉफी गार झाली. दुसऱ्या दिवशी बोट गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मी जुन्या वस्तूंच्या दुकानासमोर जाऊन उभी राहायचे आणि आत न शिरता परत यायचे. घरी त्या रिकाम्या कप्प्याचं दार उघडायचं, बघायचं, लावायचं. वेडेपणाच होता.

मेमध्ये ओस्टबीबाई कुंपणापाशी भेटल्या.

"आरोशी भांडलीस का गं?"

"नाही तर."

"मग? परवा उरलेलं सामान न्यायला आला तर तुझ्या घराकडे बघत उभा. म्हटलं, जा की. तर म्हणतो, तिने नको म्हटलंय."

"मी एकदाच म्हटलं हो!" मी कळवळून म्हणाले. "त्याने विचारलंच एकदा! आपल्यात असं असतं का? त्याला कळत नाही? कॉफीला तर बरोबर दोनदा नको म्हणाला होता, आणि..."

आणि मी बोलता बोलता थांबले. मी एकदाच विचारणार. तू खरं काय ते एकदाच सांगायचं. कबूल?

कबूल म्हणाले होते मी. त्याने बिचाऱ्याने माझ्या घरात आम्ही ठरवलेलाच नियम पाळला होता, आणि मी ऐन वेळी आजीच्या नियमाने खेळले होते.

"अशी काय बघतेस?" ओस्टबीबाई म्हणाल्या. "आज दुपारी येतेय त्याची बोट. पळ!"

कालव्याच्या भिंतीवर ही गर्दी होती. बोट बघायला लोक येतातच. पूल वर उचलला गेला, आणि ती लांबलचक तांबडी बोट इतक्या जवळून सरकू लागली की माणसांचे चेहरे ओळखू यावेत. मागच्या बाजूला स्वयंपाकघराच्या दाराशी पांढरा एप्रन लावून एकजण उभा होता. टोपी भुवयांपर्यंत.

"आरो!"

त्याने पाहिलं. हात वर केला, अर्धाच.

"परत विचार!" मी ओरडले.

"काय?"

"परत विचार! मी वस्तू नाहीये! जुन्या पद्धतीने विचार!"

 मग त्याचा चेहरा असा उजळला की शेजारच्या खलाशाने वळून बघितलं. कठड्यावर वाकून तो ओरडला, "पोटमाळा आवरायला येत जाऊ का?"

"नको!" मी ओरडले. "उगाच तुला त्रास!"

भिंतीवरची एक बाई म्हणाली, "अगं बाई, असं काय करतेस?" तिच्या नवऱ्याने तिला गप्प केलं. "थांब गं, तो पुन्हा विचारेल." आमच्याकडचाच होता.

बोट थांबत नव्हती. आरो कठड्याला धरून मागे मागे चालत होता, माझ्या समोर राहण्यासाठी. कठडा संपला तिथे तो उभा राहिला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "येऊ का, मारेन?"

"हो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रडत होते आणि मला अजिबात लाज वाटत नव्हती.

संध्याकाळी तो चढ चढून आला. हातात बोटीवरचा त्याचा पत्र्याचा मग होता. काही न बोलता त्याने वरचं कपाट उघडलं, रिकाम्या कप्प्यात मग ठेवला आणि दार लावलं.

"पोटमाळ्यावर जाऊ या?"

"तो कुठे पळून जात नाही. आधी जेव. हॉटडिश केलीय, ओव्हनमधून आत्ताच काढलीय."

"नको, नको, कशाला उगाच—"

"आरो!"

तो थांबला. टोपी काढली. कानापर्यंत लाल झाला होता.

"हो," तो म्हणाला. "वाढ."