अकरा बास माशांचं कोडं

"हार्लन, तो बेडूक काढ आधी!" जोसी वैतागून ओरडली. "दहा वाजलेत, ऊन तापलंय. या वेळी बास मासा वर येतो का कधी? खोल जाऊन बसलाय तो. रबरी गांडूळ लाव, तळाला टेकू दे आणि हळूहळू ओढ!"

"तासभर गांडूळ ओढत बसायला मी काय म्हातारा आहे?" हार्लननं रबरी बेडूक पुन्हा कमळाच्या पानांवर फेकला. "बेडकावर मासा झेपावतो ना, तेव्हा पाणी कसं उसळतं! तुझ्या गांडुळाला नुसतं 'टुक' होतं."

"ते 'टुक' ओळखायलाच डोकं लागतं!"

"माझी फिरकी अडकली," मागून ऑपल म्हणाली.

"पुन्हा?" दोघं एकदम किंचाळले. नऊ वर्षांच्या ऑपलची गळाला लावलेली चकचकीत पत्र्याची फिरकी सकाळपासून चौथ्यांदा झाडात अडकली होती!

जोसी आणि ऑपल सख्ख्या बहिणी, हार्लन त्यांचा मामेभाऊ. अमेरिकेत केंटकीतल्या टर्टल फोर्क तलावाच्या या धक्क्यावर तिघांनी अर्धी सुट्टी भांडण्यात घालवली होती आणि उरलेली अर्धीही तशीच घालवायची होती. तेवढ्यात फळ्या दणदणल्या. दर शनिवारच्या बास स्पर्धेचे प्रमुख स्कॅग्जकाका धापा टाकत येत होते.

"गळ गुंडाळा! चला, निघा इथून!"

"का? काय झालं काका?"

"वर मलाच विचारता! गेल्या शनिवारी स्पर्धेनंतर अकरा मोठे बास मरून तरंगले. आम्ही तर प्रत्येक मासा वजन करून जिवंत सोडतो. मग मारतं कोण? तुम्ही पोरं! मासा दाबता, कोरड्या हातानं धरून त्याच्या अंगावरचा चिकट थर काढता..."

"आम्ही हात ओले केल्याशिवाय कधीच..."

"उलट बोलू नकोस, जोसी! पोरांना धक्क्यावर बंदी. आणि पुढच्या आठवड्यातली मुलांची स्पर्धा रद्द!"

काका गेले. ऑपलचे डोळे भरून आले. या स्पर्धेसाठी ती गेल्या वर्षापासून थांबली होती.

"चूक नसताना बोलणी खायची म्हणजे काय!" हार्लननं धक्क्याला लाथ मारली आणि पाय धरून खाली बसला.

"लाथा नको, पुरावा हवा," जोसी म्हणाली. "आपण धरलेले मासे मरतात की नाही, बघूया."

तिघं मेव्हिस मावशीच्या दुकानात गेली. मावशी गळाला लावायचे जिवंत मासे विकायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मागची मोठी टाकी एका दिवसासाठी देऊ केली. टाकीत सारखे बुडबुडे येत होते.

"मावशी, हे कशाला?" ऑपलनं विचारलं.

"मासेही श्वास घेतात, बाळा. साठलेल्या पाण्यातली हवा ते संपवतात, आणि पाणी तापलं की मुळातच हवा कमी. पंप बंद पडला तर तासाभरात सगळे उलटे!"

मग तिघं ओढ्याच्या मुखाशी गेली. बुडालेल्या ओंडक्याजवळ जोसीनं गांडूळ सोडलं. दोरीला बारीकसा झटका बसला, तिनं गळाची काठी वर उचलली आणि बास आला! हार्लनचा मात्र पानांच्या सावलीत दोनदा मासा हुकला.

"घाई नको ना! त्यानं बेडूक गिळला की दोन मोज, मग ओढ. किती वेळा सांगू?" जोसी करवादली.

तिसऱ्यांदा त्यानं दात-ओठ खात दोन मोजले आणि मासा काठावर आणला. आणि ऑपल? गवताच्या कडेकडेनं एका वेगात फिरकी ओढत तिनं सगळ्यांत मोठा बास पकडला! मग तिघांनी तिन्ही मासे पाण्याच्या बादलीतून मावशीच्या टाकीत नेऊन सोडले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी तिन्ही मासे टाकीत मजेत पोहत होते.

"म्हणजे आपण नाही!" हार्लननं उडी मारली. तिन्ही मासे त्यांनी तलावात सोडले. "मग कोण?"

शनिवारी स्पर्धेच्या मंडपात तुफान गर्दी होती. वजन झालेले मासे एका मोठ्या टाकीत ठेवले होते. सगळ्यांची वजनं झाल्यावर ते सोडायचे होते. ऑपल टाकीच्या काचेला नाक लावून उभी होती. अचानक ती ओरडली, "ताई, बुडबुडे थांबले!"

जोसीनं पंपाच्या वायरीचा माग काढला. टेबलाखाली एकच सॉकेट होतं. पंपाचा प्लग जमिनीवर लोळत होता आणि त्याच्या जागी ध्वनिक्षेपकाचा प्लग होता. समोर मंचावर स्कॅग्जकाका भाषण ठोकत होते, "मंडळी, माशांच्या जिवाची काळजी घ्या!"

"काका, पंप बंद आहे!"

"भाषणानंतर!"

जोसी वजन करणाऱ्या बाईंकडे धावली. "आत्ता नाही गं!" बक्षिसं मांडणाऱ्या आजोबांकडे गेली. "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये!" टाकीतला एक बास कलंडला. मग दुसरा.

"कुणी ऐकतच नाही!" जोसीला रडू फुटायचं बाकी होतं.

"मग ऐकायला लावू," हार्लन म्हणाला. हात शर्टाला पुसून तो टेबलाखाली शिरला. ध्वनिक्षेपकाचा प्लग बाहेर, पंपाचा आत!

"आपल्या या तलावात..." आवाज गप्प! काकांनी माईक आपटला, फुंकला. मग वायर धरून तरातरा टेबलाकडे आले. सगळी गर्दी त्यांच्यामागे.

"कुणी काढला माझा प्लग?"

"आम्ही," हार्लन खालूनच म्हणाला. "पण पंपाचा कुणी काढला होता?"

"मीच! दर शनिवारी काढतो. पाचच मिनिटं तर..."

"पंचवीस झाली काका!" जोसी म्हणाली. "आणि मागच्या वेळी?"

सगळे टाकीकडे बघत होते. बुडबुड्यांत कलंडलेला एक बास डगमगत सरळ झाला. दुसरा मात्र उठला नाही.

काकांनी टोपी काढली. "मागच्या वेळी भाषणानंतर गाणीही लावली होती. तासभर. नंतर प्लग बदलायचा राहूनच गेला, आणि गुदमरलेले मासे आम्ही तसेच तलावात सोडले." मग ते तिघांकडे वळले. "ते अकरा मासे माझ्यामुळे गेले आणि दोष मी तुम्हाला दिला. चुकलो, पोरांनो. माशांची खरी काळजी इथे फक्त तुम्ही तिघांनी घेतली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलांची स्पर्धा ठरल्या दिवशीच होणार, हे काकांनी माईकशिवाय, घसा फोडून जाहीर केलं. गर्दीतल्या मेव्हिस मावशीनं ऑपलला उचलून घेतलं. "बुडबुडे बघितले ते हिनं, आणि डोळे म्हणे मोठ्यांना असतात!"

मासे सोडायचा मान तिघांना मिळाला. नुकता सावरलेला बास जोसीनं खालच्या ओठाला धरून पाण्यात अलगद पुढे-मागे केला. शेपटीत जोर आला, फाडकन पाणी उडालं आणि शेजारी वाकलेले स्कॅग्जकाका नखशिखांत भिजले.

"काका," चेहरा पुसत जोसी म्हणाली, "पुढच्या वेळी एकदा सांगितल्यावर ऐका हं!"