तिसऱ्या तुकड्यातला गंधार

अंबडच्या बसस्थानकावर जालन्याची बस चाळीस मिनिटं उशिरा आली, म्हणून मी एका सुरावटीच्या प्रेमात पडले. माणसाच्या प्रेमात नंतर… क्रम नीट सांगायला हवा.

मी अंबडच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि रोज जालन्याहून ये-जा करते. तो एप्रिलमधला गुरुवार होता. फलाटावर मोसंबीची पोती रचलेली होती, आणि स्थानकाच्या भिंतीपलीकडे कुणीतरी पेटी वाजवत होतं. ते गाणं नव्हतं, त्याला शब्दच नव्हते. पाचच सूर होते. एक सूर पुढे जाऊन थांबायचा, बाकीचे मागून येऊन त्याला गाठायचे – आणि सगळे मिळून परत फिरायचे. मी सहा वेळा ऐकलं. सातव्या वेळी पर्स उचलली आणि भिंतीला वळसा घालून गेले.

छोटंसं दुकान होतं. खिळ्यांना टाळ लटकवलेले, कोपऱ्यात दोन पखवाज, उंबऱ्याशी पाय पसरून बसलेली एक म्हातारी. आत जमिनीवर तिशीतला एक माणूस झाकण काढलेल्या पेटीपुढे बसला होता.

"काय पाहिजे, मॅडम?"

"ते… आत्ता वाजवत होतात, ते."

"पेटी कुठंय तुमची?"

"पेटी नाही."

"मंग मी दुरुस्त काय करू?"

हसताना त्याचा डावा गाल आधी हलायचा. म्हातारी म्हणाली, "पेटीबिगर आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक." ती त्याची आई, वच्छलाबाई. तो गोरक्षनाथ, सगळे त्याला गोरख म्हणायचे.

सळया बनवणाऱ्या एका कंपनीत तो कामाला होता. गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायच्या, हे वडिलांचं काम त्याने चालू ठेवलं होतं. दुरुस्त झालेली पेटी तपासायला तो ही सुरावट वाजवायचा. तिचे तीन तुकडे होते, असं त्याने सांगितलं. पहिला आजोबांचा – पाव्यावरचा, पांगलेल्या मेंढ्या संध्याकाळी परत बोलवायचा. दुसरा वडिलांचा, मेंढ्या विकून ते गावातून अंबडला आले आणि पेटी शिकले, तेव्हाचा.

"आणि तिसरा?"

"तो माझा हे. अजून पुरा न्हाई झाला."

बस लागल्याचा आवाज आला. मी निघाले. पुढच्या गुरुवारी बस वेळेवर आली, तरी ती माझी चुकली.

वडिलांच्या तुकड्यात काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या यायच्या. पहिल्यांदाच बाजारात आलेला माणूस प्रत्येक दुकानापुढे जरा थांबतो ना, तसा तो तुकडा प्रत्येक सुरापाशी थांबायचा. मला तो आवडायला दोन गुरुवार लागले. तिसरा तुकडा मात्र गोरख वाजवेना. वच्छलाबाई चहा आणायला गेल्या तेव्हा, मान खाली घालून, त्याने तो वडिलांच्या पेटीवर वाजवला. सूर एकेक पायरी चढत वरच्या सप्तकातल्या गंधारापर्यंत गेले आणि तिथेच राहिले. भाता रिकामा होईपर्यंत राहिले.

"खाली यायची वाट सापडून न्हाई राह्यली."

"मग राहू दे ना वर."

"वर कुणी राहत असतं का, मॅडम?" त्याने पट्टीवरचं बोट मात्र उचललं नव्हतं.

मी फोनवर ते रेकॉर्ड केलं. घरी जाऊन सुरांची कंपनसंख्या मोजली. ही माझी सवय आहे, आवडलेली गोष्ट मी मोजते. दोन लागून असलेल्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एका भागाला सेंट म्हणतात. त्याचा गंधार दोन सेंटने चढा होता. दोन सेंट माणसाच्या कानाला कळतही नाहीत. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बापाच्या पेटीला एवढं चांगलं अजून कुणी बोललं न्हाई. ती पेटी दुकानातच असायची. बाकीच्या पेट्या तो तिच्याशी जुळवून सुरात लावायचा.

तेव्हापासून आमचा एक खेळ सुरू झाला. पेटी लावून झाली की तो विचारायचा, "बराबर?" मी फोनवर मधला षड्ज तेवढा बघून सांगायचे, "बरोबर." तो म्हणायचा, "बरोबर न्हाई मॅडम, बराबर. दुकान आमचं हे." मीही मग बराबर म्हणायला लागले.

जुलैत मी प्रयोगशाळेतला नादकाटा पर्समध्ये घालून नेला. गोरखने तो गुडघ्यावर आपटला, डाव्या कानाशी धरला, मग उजव्या. पुन्हा डाव्या.

"लबाड हे तुमचा काटा. या कानाला एक सांगून राह्यला, त्या कानाला दुसरंच."

तो हसला. मीही हसले, पण जरा उशिरा. नादकाट्याला दोन सूर नसतात. एकच सूर दोन कानांना वेगळा लागतो, तेव्हा बिघाड कानात असतो. कंपनीत तो किती वर्षं होता, हे मी सहज विचारल्यासारखं विचारलं. नऊ. आवाज? "असतो न. कापसाचा बोळा घालतो कवा कवा."

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसरं निरीक्षण चालत आलं. श्रावणातल्या एका मंगळवारी मी दुकानाशी थांबले तेव्हा गोरख कंपनीत होता, आणि एका महिला भजनी मंडळाच्या नंदाबाई पेटी काखेत घेऊन वच्छलाबाईंशी बोलत होत्या. पेटी गोड झाली, पण वरच्या पट्ट्या रडून राह्यल्या, असं त्यांचं म्हणणं. मी मोजलं. वरचे सूर चौदा सेंटने चढले होते. मग वडिलांची पेटी मोजली. तीही चौदा. बापाची पेटी उतरली असं समजून त्याने तिलाच आपल्या कानाप्रमाणे घासलं होतं, आणि आता तिच्यावरून बाकीच्या.

नंदाबाईंना संध्याकाळी या म्हटलं. त्या गेल्यावर मी वच्छलाबाईंना कानाचं सांगितलं. त्यांना माहीत होतं. घरी टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्याला सांगू नका, बाई. कंपनीत त्याचं शरीर राबतं, जीव हितं राहतो. हेबी गेलं तर माणूस काय करंन?"

पेटीतल्या प्रत्येक सुराला एक पितळी पाती असते. तिचं टोक कानशीने घासलं की सूर चढतो, बूड घासलं की उतरतो. हे मला गोरखनेच शिकवलं होतं, माझं बोट धरून – कानस किती हलकी धरायची ते कळावं म्हणून. त्या दुपारी मी नंदाबाईंच्या पेटीतल्या सहा पात्या बुडाला घासून उतरवल्या. मग वडिलांच्या पेटीतल्याही.

गुरुवारी गोरखने वडिलांची पेटी वाजवली आणि कपाळाला आठी घातली. हवा ओली हे, म्हणाला, सूर उतरून राह्यले. त्याने पात्या टोकाला घासल्या. मंगळवारी मी बुडाला घासल्या. असे सहा आठवडे गेले. दर गुरुवारी तो विचारायचा, "बराबर?" आणि मी फोनकडे न बघता सांगायचे, "बराबर."

खरं सांगायचं तर मी त्या आठवड्यांत सुखात होते. त्याचं काहीतरी मी सांभाळत होते, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. मला ते प्रेम वाटलं.

सातव्या गुरुवारी बाहेर भुरभुर होती. मी आत पाऊल टाकताच गोरख म्हणाला, "बसा. खाली यायची वाट सापडली." त्याने पहिला तुकडा वाजवला, मग दुसरा, मग न थांबता तिसरा. सूर चढत गेले. गंधाराला बोट लागलं, आणि आतून 'टिक' असा बारीक आवाज झाला. मग नुसती हवा. त्याने पट्टी पुन्हा दाबली. हवाच आली.

त्याने पेटी उघडली. पाती बुडाशी तुटली होती. त्याने ती दारातल्या उजेडात नेली आणि बराच वेळ उलटसुलट केली.

"टोकाला माझी कानस हे," तो म्हणाला. "वळखतो मी. बुडाला कुणाची?"

वच्छलाबाई उठून आत गेल्या.

"माझी," मी म्हटलं. "सहा आठवडे."

मग मी सगळं सांगितलं. आकडेही सांगितले – चौदा, सतरा, शेवटी बावीस. तो डावा कान माझ्याकडे करून ऐकत होता. तो कितीतरी दिवसांपासून तसाच ऐकत होता, हे मला तेव्हा दिसलं.

"दर गुरुवारी इचारायचो मी. बराबर हे का."

"हो."

"तुमी खोटं बोलल्या, ते सोसलं असतं. समदेच बोलतात. पण मला बरं वाटावं म्हणून बोलल्या… ते न्हाई सोसवत, मॅडम."

हवं ते वाचन यावं म्हणून उपकरणालाच हात लावणाऱ्या विद्यार्थ्याला मी प्रात्यक्षिकात नापास करते. मी छत्री न उघडताच स्थानकात आले.

पुढचे तीन गुरुवार दुकान बंद होतं. तशी पाती आता सहजासहजी मिळत नाही, एवढं मला माहीत होतं. घरी बसून मी एका कागदावर सगळी वाचनं लिहिली: तारीख, पट्टी, किती सेंट. नादकाट्याचं लिहिलं. खाली जालन्यातल्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहिला आणि वच्छलाबाईंच्या घरी जाऊन कागद त्यांच्या हातात दिला. त्यात एकही शब्द गोड नव्हता.

दसऱ्यानंतर त्याचा फोन आला.

"डॉक्टर म्हणला, हे कुणी मोजलं? मी म्हणलं, हायेत एक मास्तरीणबाई."

उजवा कान परत येणार नव्हता. डावा वाचू शकत होता, कंपनीचा आवाज सोडला तर. त्याने कंपनी सोडली. नुसत्या पेट्यांवर घर चालत नव्हतं, आणि दुसऱ्याची पेटी लावायला आता त्याचं मनच धजत नव्हतं. राजूरच्या पलीकडे त्यांचं गाव. तिथे चुलत्याच्या मेंढ्या होत्या, थोडी जमीन होती. मायलेकांनी दुकान रिकामं केलं.

जालन्याच्या बसस्थानकावर मी त्यांच्या आधी पोचले होते. भोकरदनची बस लागलेलीच होती. वच्छलाबाई चढून बसल्या. गोरख चादरीत बांधलेली वडिलांची पेटी पायाशी ठेवून खाली उभा राहिला.

"नवी पाती नाही बसवली?"

"न्हाई. ती पट्टी मुकीच ठेवली." त्याने चादरीची गाठ आवळली. "तुमच्याकडं रेकॉर्डिंग हे न?"

"आहे. एप्रिलमधलं. तेव्हाचा गंधार खरा आहे."

"पुसू नका. मला वरचं ऐकू येईनासं झालं, तर तुमी ऐकत जा."

आजूबाजूला बसगाड्यांची घरघर, शेंगदाणेवाल्यांच्या हाका, भोंग्यावर गावांची नावं. मी त्याच्या उजव्या बाजूला उभी होते. डॉक्टरांनी काढलेला त्याच्या कानाचा आलेख त्याने मला फोनवर पाठवला होता, तो मला पाठ होता. या गोंगाटात उजवीकडून बोललेलं त्याच्यापर्यंत पोचणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी तिथे उभी राहून ते बोलले.

"मला तुम्ही आवडता."

"काय म्हणल्या?"

'पोचल्यावर फोन करा' – हे उत्तर मी तयार ठेवलं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. त्याला बरं वाटलं असतं, मलाही सोपं गेलं असतं.

मी त्याच्या मागून वळसा घालून डाव्या बाजूला गेले. आवाज न चढवता पुन्हा म्हटलं, "मला तुम्ही आवडता, गोरख. सुरावटीमुळे यायला लागले, पण नंतर तुमच्यासाठीच येत होते."

तो जमिनीकडे बघत होता. कंडक्टरने एकदा घंटी वाजवून पाहिली. त्याने पेटी उचलून छातीशी धरली.

"बराबर ऐकलं का मी?"

"बराबर."

डावा गाल हलला, पण हसू काही पुरं झालं नाही. तो चढला. वच्छलाबाईंनी सरकून त्याला खिडकी दिली. दाराच्या बाजूची खिडकी होती, मी खाली तिच्याशीच उभी होते. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं नाही. मान सरळ ठेवून, डावा कान माझ्या बाजूला करून, तो तसाच बसून राहिला… आणखी काही येतंय का ऐकत.

सांगायचं होतं ते पोचलं होतं. बस फाटकातून वळली.