रिकामा पाळणा

फिर्मिनकाकांनी शाईचे हात चिंधीला पुसले आणि छापखान्यातला एकच दिवा चालू ठेवला.

“पुन्हा भूत, काका?” एल्का हसली. “मागचं तर मांजर निघालं!”

“हे नाही निघालं, बाई. आपल्यासारखंच छापकाम करणाऱ्या आमच्या योसच्या घरातली गोष्ट आहे. इथंच, मेखेलेनमध्ये. गेल्या वर्षी, दोन नोव्हेंबरची रात्र. मृतांचा दिवस.”

योस त्या दुपारी शेजारच्या लिअर गावाहून तांब्याचा एक जुना पत्रा घेऊन आला. दीडशे वर्षांपूर्वी एका घरातलं तान्हं लेकरू गेलं, तेव्हा करवून घेतलेलं चित्र. रिकाम्या पाळण्यावर वाकलेली आई, आम्लानं कोरलेली. तिच्या मागचा अंधार राळेच्या भुकटीनं दाणेदार केलेला. ठरलेले छाप निघाले की पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो रद्द करायचा, ही या धंद्याची रीत. इथं ती रेघ आईच्या दोन्ही हातांवरून गेली होती.

योसला प्रदर्शनासाठी स्वच्छ छाप हवा होता. बायको रात्रपाळीला गेलेली, वरच्या खोलीत चार महिन्यांची फीन झोपलेली. खाली, घरच्या छापयंत्रापाशी बसून त्यानं ती रेघ घोटून घोटून मिटवली.

“म्हणजे त्या घरानं मिटवलेलं दुःख यानं पुन्हा उघडलं?” एल्का उसळली. “कोणी दिला हक्क?”

“कोणी नाही,” काका म्हणाले.

पहिला छाप सुरेख आला. आई पाळण्यावर वाकलेली.

दुसऱ्यात ती ताठ उभी होती.

योसनं डोळे चोळले. पत्रा नीट पुसला नसेल... त्यानं पुन्हा शाई भरली.

वर फीन रडू लागली. भुकेचं रडणं.

“आलो गं राणी, एवढा एकच...”

त्यानं तिसरा कागद उचलला. पाळणा होता. अंधार होता.

आई नव्हती.

वरचं रडणं थांबलं.

योस जिन्याकडे धावला. दार सताड उघडं. खोलीत कोणी नाही. फीन शांत झोपलेली... श्वास चालू होता. त्याच्या जिवात जीव आला.

काकांनी चिंधी बाजूला ठेवली.

“मग?” एल्कानं हळूच विचारलं.

“मग त्यानं दिवा लावला. पोरीच्या हनुवटीवर दुधाचा ओघळ होता. ताजा, कोमट. त्यानं बोटानं टिपून हुंगला...”

“आणि?”

“आपण शाई ज्यात खलतो ना, त्या जवसाच्या तेलाचा वास.”