कोपऱ्यातला कठडा

“हळू चाल. तुझ्या पायांनी सूर्यसुद्धा दचकून उठेल,” लंबू म्हणाला.

“उठू दे. त्यालाच तर बघायला चाललोय,” धाकटा म्हणाला.

ताई हसली नाही. मामीला सांगून ती, धाकटा भाऊ आणि मामेभाऊ लंबू असे तिघं कड्यावर निघाले होते, पण ती मागेमागे राहत होती. गेल्या सुट्टीत पहाटे एकटेच सूर्योदय बघायला आलेले बाबा याच कड्यावरून पडून वारले होते. फोटो काढायला ते तिथल्या हॉटेलच्या कठड्यावर चढले होते, असं हॉटेलच्या मालकाने सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. आईनेसुद्धा. तेव्हापासून ती बाबांचं नाव काढत नसे. सुट्टीला ती माहेरी आली होती, पण कड्याकडे फिरकली नव्हती.

समुद्र तांबूस झाला, सूर्य वर आला. धाकटा मात्र कठडाच न्याहाळत होता.

“ताई, इथलेच गज चौकोनी का? बाकी सगळे गोल आहेत.”

खरंच होतं. वरून सगळीकडे एकच पांढरा रंग फासलेला.

“बाबा या कोपऱ्यातूनच पडले,” ताई हळूच म्हणाली.

हॉटेलचा मालक खुर्च्या मांडत होता. लंबूने भोळा चेहरा केला. “काका, हा तुकडा नवा का हो?”

“नवा कसला? पहिल्यापासून असाच आहे. पळा इथून.”

“थापा मारतोय,” परत येताना लंबू म्हणाला. “जुना तुकडा खालीच पडला असणार.”

लंबूचे वडील, म्हणजे मामा, बोटींची इंजिनं दुरुस्त करत. मुलांचं ऐकून त्यांनी हातातलं काम टाकलं. ओहोटी लागल्यावर सगळे कड्याखाली उतरले. खूप शोधल्यावर धाकट्यालाच खडकांच्या कपारीत तो तुकडा सापडला. गोल गज, पांढरा रंग. बुडाशी मात्र गंजून पार चाळण झालेली. गंजावरच रंग फासला होता.

“दाजी चढले नव्हते,” मामा गंजावरून बोट फिरवत म्हणाले. “नुसते टेकले असतील.”

“पण मालक म्हणेल, हा आमचा नाहीच,” ताई म्हणाली.

लंबूने डोकं खाजवलं. “तोच सांगेल, त्याचा आहे म्हणून.”

संध्याकाळी लंबू आणि धाकटा तो तुकडा ओढत हॉटेलसमोरून निघाले.

“काका, हे लोखंड खाली सापडलं. गावातून नेऊन भंगारवाल्याला देऊ ना?”

मालकाचा चेहरा उतरला. “ठेव ते. माझ्या कठड्याचं आहे, हात लावू नकोस.”

“तुमच्याच कठड्याचं ना?” भिंतीआडून मामा पुढे आले. “मग चौकीत चला.”

चौकीतल्या साहेबांनी तिघांची पाठ थोपटली. शेजारीपाजारी कौतुक करायला अंगणात जमले. ताई मात्र आत गेली. आई भाजी चिरत होती.

“आई, बाबा चढले नव्हते. कठडा मोडला.”

आईने विळी बाजूला सरकवली.

“वर्षभर मी त्याच्यावर चिडून होते गं,” ती म्हणाली. “पोरांचा विचार न करता गेला म्हणून. एकदासुद्धा रडले नाही त्याच्यासाठी.”

आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली. आवाज ऐकून धाकटा आणि लंबू धावत आले. धाकटा घाबरून तिला बिलगला.

“आम्ही चुकलो का?”

“नाही रे राजा. फार चांगलं केलंत.” तिने पदराने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरून आले. “तोवर सूर्य उगवला होता का रे? त्याला दिसला असेल का?”