जोडपं पाहिजे

माणसाचं मन कधीच म्हातारं होत नाही. पन्नाशीतही त्याला पालवी फुटते, आणि त्या पालवीपुढे जगातले सगळे व्यवहार फिके पडतात. काशिरामलाही हे पटलं असतं. पण खांदा कॉलनीतल्या कामगार पुरवणाऱ्या ऑफिसच्या अर्जात मनासाठी रकाना नव्हता. वयासाठी होता, आणि काशिराम त्रेपन्न वर्षांचा होता.

तीस वर्षं त्यानं उरणकडच्या एका मिठागरात मीठ ओढलं. मग मिठागरावर भराव पडला आणि भरावावर गोदामं उभी राहिली. मालक बिल्डर झाला, काशिराम रिकामा झाला. ज्या जमिनीवर तो जन्मभर अनवाणी फिरला, तिच्याच गेटवर आता त्याला अनुभव विचारायचे. गावात शेती उरली नव्हती, मीठ उरलं नव्हतं, माणसं मात्र तेवढीच होती. शेवटी तो दर सोमवारी एसटीनं पनवेलला येऊ लागला. अर्ज द्यायचा, ऑफिसच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं, दुपारी परत जायचं. काम नसलं की माणूस एवढा दमतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्या बाकावर एका मार्चातल्या सोमवारी गुणाबाई येऊन बसली. बसली म्हणजे, गुडघ्यांची समजूत घालत हळूहळू टेकली. चपला काढल्या, अर्ज मांडीवर ठेवला आणि शेजाऱ्याकडे न बघता विचारलं, "जन्मतारीख काय लिवायची?"

"तुमची?"

"मंग काय तुमची लिवू?"

तिला एवढंच माहीत होतं, की खाडीचा बांध फुटला त्याच्या पुढच्या साली ती जन्मली. काशिराम बांध फुटला तेव्हा रांगत होता. दोघांनी मिळून हिशेब केला, आणि गुणाबाई एक्कावन्नची निघाली. तिनं चाळीस लिहिलं. अर्ज घेणाऱ्या वसुंधरामॅडमनी अर्ज बघितला, गुणाबाईकडे बघितलं आणि अर्ज शांतपणे फायलीत घातला.

गुणाबाई कोळीण. नवरा जाऊन तेरा वर्षं झालेली. खाडी बुजली, मासळी गेली. आता ती पुतण्याकडे राहत होती आणि जेवताना भात कमी घेत होती. हे तिनं सांगितलं नाही. काशिराम स्वतः भावाकडे राहत होता, त्यामुळे त्याला ते कळलं.

पुढचे सोमवार भांडणात गेले. त्याच्या मिठागराचं मीठ तिनं मासळी खारवायला नेलेलं निघालं, आणि त्यात रेव असायची अशी तिची वीस वर्षांची तक्रार होती. रेव मिठात नव्हती, वाळत घातलेल्या मासळीवर रस्त्याची धूळ बसायची, असं त्याचं म्हणणं. ती भांडताना नाकातली नथनी बोटानं सरळ करायची. काशिराम मुद्दाम हरायचा नाही. तो सोमवारी सकाळी दाढी करू लागला. ऑफिसात त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

मग एका सोमवारी वसुंधरामॅडम स्वतः बाहेर आल्या, हातात रजिस्टर. "काका, काकी, तुमचं नशीब बघा. कर्नाळ्याच्या अलीकडे एक फार्महाऊस आहे, त्यांना जोडपं पाहिजे. झाडांना पाणी, साफसफाई, स्वयंपाक. वयाचा प्रॉब्लेम नाही. राहायला खोली. मी तुमची नावं टाकलीसुद्धा. दहा मिनिटांत फायनल सांगा, मला मेल करायचाय."

एवढं मन लावून भांडणारे बाई आणि पुरुष मॅडमनी आजवर बघितले असतील, तर ते नवरा-बायकोच होते. त्यांचा तरी काय दोष. रजिस्टरात स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: काशिराम, सौ. गुणाबाई.

मॅडम आत गेल्या. गुणाबाईच्या नावाआधी तेरा वर्षांनी एक अक्षर आणि एक टिंब आलं होतं. तिनं समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं,

"तुमी गप का बसलात?"

"खोडायला सांगावं का नाय, बघत होतो."

"खोटं सांगून मी कामाला लागायची नाय."

"मंग खरं करू."

तिनं मान वळवली. चिडली असती तर बरं, असं काशिरामला वाटलं. ती नुसती दमलेली दिसत होती. "खोली मिळते म्हणून?" ती म्हणाली. "मला आजवर ज्यानं बोलावलं, त्यानं कशाला तरी म्हणूनच बोलावलं. पुतण्यानंसुदा. आता तुमीबी?"

 काशिरामनं चपलेच्या अंगठ्याला उद्देशून सांगितलं, "मला काम लागलं होतं. तीन आठवडे झाले. द्रोणागिरीला, गोदामाच्या गेटवर."

"मंग?"

"नाय घेतलं."

"का?"

"सुट्टी गुरुवारची होती."

"मंग काय झालं?"

"तुमी सोमवारी येता."

व्हरांड्यातला पंखा फिरत होता. गुणाबाईनं नथनी सरळ केली. ती आधीच सरळ होती.

"आलेलं काम सोडलंत? या वयात?"

"हो."

"मला भेटायला?"

"भांडायला."

"येडे हायत तुमी."

"हाय."

तिनं तोंड पलीकडे फिरवलं, पण कानाच्या पाळीपर्यंत हसू आलेलं त्याला दिसलं. लगेच पाठोपाठ अटी आल्या. लग्न लावणारी धवलारीण तिच्याच कोळीवाड्यातली पाहिजे, तुमच्या आगऱ्यांच्या बाया गाणी ओढून म्हणतात. आणि फार्महाऊसवर मीठ ती आणणार. काशिरामनं सगळं मान्य केलं. मिठाचं जरा जड गेलं.

मॅडम दारात आल्या. "मग, फायनल?"

"फायनल," गुणाबाई म्हणाली. "पण आठ दिवसांनी हजर होऊ. आधी लगीन लावायचंय."

मॅडमचं पेन हवेतच राहिलं.

 आता काहीतरी मोठं, जन्मभर लक्षात राहील असं बोललं पाहिजे, असं काशिरामला वाटलं. त्यानं घसा खाकरला. सही करायला उठू बघणारी गुणाबाई अर्ध्यावर थबकली आणि हळूच त्याच्या कानाशी वाकली.

"जरा उठा. माज्या पदरावर बसलाय."